मोटारसायकलच्या मागे गाडीचा टायर

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी माझा भाचा फोंड्याला घरी आला, तेव्हा त्याच्या अव्हेंजर मोटारसायकलच्या मागच्या सीटवर चारचाकीचा एक टायर दोरीने आवळून बांधलेला होता. अंगणात गाडी स्टँडला लावून त्याने दोरी सोडली आणि टायर मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवला. मित्राने आपल्या चारचाकीला मोठ्या रिम घातल्यामुळे जुने चार टायर रिकामे झाले होते, त्यांतला हा एक फुकट मिळाला होता, आणि नक्षी निम्म्याहून अधिक शाबूत होती. "मामा, हा मागे बसवायचा म्हणतो. तुम्ही एकदा बघा," एवढे बोलून तो चहाला आत गेला. मी मात्र बराच वेळ बाहेरच त्या टायरकडे पाहत उभा राहिलो.

ही अव्हेंजर मुळात माझी. उच्च माध्यमिक विद्यालयातून निवृत्त झाल्यावर रोजचा पणजीचा फेरा संपला आणि ती मी भाच्याला दिली. तो वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला असल्याने बोरीचा पूल ओलांडून येऊन-जाऊन पन्नासेक किलोमीटर रोज चालवतो. मागचा टायर त्याला जेमतेम वर्षभर पुरतो, आणि त्या दिवशी तो मधोमध गोटा झालेला होता. पुढच्या टायरला मागच्याच्या दुप्पट आयुष्य मिळते, हे त्याला अन्यायाचे वाटे. मागचे चाक इंजिनाची ओढ, मागे बसलेल्याचे वजन आणि सामानाचा भार एकट्याने सोसते, त्यामुळे तो अन्याय प्रत्येक दुचाकीच्या नशिबी असतो, हे मी त्याला पूर्वीच सांगितले होते.

त्याची कल्पना वेडगळ होती, असे मी म्हणणार नाही. मोटारसायकलच्या मागे चारचाकीचा टायर घालणारे लोक अमेरिकेत गेली अनेक वर्षे आहेत, या प्रकाराला तिकडे गमतीने "डार्क साइड" म्हणतात, आणि त्यांतले बरेच जण होंडाची गोल्ड विंग चालवणारे असतात. चारशे किलोंच्या आसपास वजन, सहा सिलिंडरचे १८३२ सीसी इंजिन आणि दिवसाला सहाशे-सातशे किलोमीटर सरळ महामार्ग, असे त्या गाडीचे जीवन असते. तिथे महाग मागचा टायर भराभर झिजतो, चारचाकीचा टायर स्वस्त मिळतो आणि कितीतरी अधिक अंतर चालतो, असा त्यांचा अनुभव आहे. आकडेही त्यांच्या बाजूचे दिसतात. २००१ नंतरच्या गोल्ड विंगला मागे १८०/६० आर १६ हा टायर येत असे, म्हणजे रुंदी १८० मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के आणि रिम १६ इंची. त्याच्या जागी हे लोक बहुधा १९५/५५ आर १६ घालतात. रुंदी, बाजूच्या भिंतीची उंची आणि रिमचा व्यास घेऊन हिशेब मांडला, तर पहिल्याचा पूर्ण व्यास ६२२ मिलिमीटर येतो आणि दुसऱ्याचा ६२१. भार पेलण्याच्या बाबतीत तर गाडीचा टायर पुष्कळच पुढे आहे. मूळ टायरवरचा ७४ हा भारांक ३७५ किलोंचा, तर गाडीच्या टायरवरचा ८७ हा ५४५ किलोंचा. एवढे वाचून कोणालाही वाटावे की उत्पादक आपल्याला उगाच महाग टायर विकत आहेत.

भाच्यालाही तसेच वाटले होते. त्याने आपल्या टायरचा हिशेब कागदावर करून आणला होता, आणि त्यात बेरजेची चूक नव्हती. अव्हेंजरचा मागचा टायर १३०/९०-१५, म्हणजे व्यास ६१५ मिलिमीटर. आणलेला टायर १८५/६५ आर १५, म्हणजे ६२१.५. साडेसहा मिलिमीटरच्या फरकाने स्पीडोमीटरही फारसा खोटे बोलणार नाही. रिम दोन्हीकडे पंधरा इंची. "मग अडते कुठे?" असे त्याने विचारले.

अडते ते प्रथम रुंदीत. टायरवर लिहिलेली रुंदी ही ठरावीक रुंदीच्या रिमवर बसवून मोजलेली असते. १८५/६५ आर १५ हा टायर ५ ते ६.५ इंच रुंदीच्या रिमसाठी केलेला आहे, आणि त्याचे माप ५.५ इंची रिमवर घेतलेले असते. अव्हेंजरची मागची रिम आम्ही मोजपट्टीने मोजली, तर बीड बसते त्या जागी ती तीन इंचांच्या आत-बाहेर भरली. रिम अर्ध्या इंचाने अरुंद झाली की टायरची रुंदी सुमारे ५ मिलिमीटरने घटते, असा ठोकताळा आहे. त्या हिशेबाने हा टायर आमच्या रिमवर आवळून १६० मिलिमीटरच्या आसपास आला असता. तरीही तो मूळ टायरपेक्षा ३० मिलिमीटरने, म्हणजे प्रत्येक बाजूला १५ मिलिमीटरने फुगलेला राहिला असता. आमच्या ओळखीचे मेस्त कुर्टीला गॅरेज चालवतात. दुपारी आम्ही गाडी त्यांच्याकडे नेली, तेव्हा त्यांनी मोजपट्टी न घेता टायर आणि चेन यांच्यामधल्या फटीत आपली करंगळी घालून दाखवली. करंगळी शिरली, अंगठा शिरला नाही. "बाब, हांगा चेन घासतली," एवढेच ते म्हणाले. गोल्ड विंगला चेन नसते, तिची ओढ शाफ्टने, म्हणजे फिरत्या दांड्याने मागे जाते आणि मागचे चाक धरणारा चिमटाही रुंद असतो, हे भाच्याच्या कागदावर कुठेच नव्हते.

भाचा हट्टी आहे आणि मला ते आवडते. त्याने लगेच अरुंद टायर शोधण्याचा विचार मांडला. पंधरा इंची आणि चिमट्यात मावेल इतका अरुंद गाडीचा टायर आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळत नाही, हे मेस्तांनी सांगितले, पण मला त्याहून महत्त्वाचा वाटला तो बीडचा मुद्दा. बीड म्हणजे टायरच्या आतल्या कडेचे तारांचे कडे, जे रिमच्या खोबणीत घट्ट बसते आणि टायरला जागेवर धरून ठेवते. रिमचा व्यास दोन्हीकडे पंधरा इंच लिहिलेला असला, तरी बीड बसण्याच्या जागेचा आकार मोटारसायकलच्या रिमला वेगळा असतो आणि गाडीच्या रिमला वेगळा असतो. म्हणूनच दुचाकीच्या अनेक टायरांवर मापाच्या पुढे एम/सी अशी अक्षरे छापलेली असतात. हा टायर मोटारसायकलच्या रिमसाठी आहे, एवढाच त्यांचा सरळ अर्थ आहे. परका टायर रिमवर चढवताना बीड सहजासहजी जागेवर जात नाही. मग माणूस साबणाचे पाणी लावतो, कॉम्प्रेसरची हवा वाढवतो आणि "टक्" असा आवाज ऐकण्यासाठी कान लावून वाकतो. गाडीच्या अनेक टायरांवर बीड बसवताना ४० पीएसआयच्या वर हवा भरू नये अशी सूचना छापलेली असते, आणि ती कायदेशीर शोभेसाठी नसते. त्यापुढे बीडची तार तुटली, तर टायर फुटतो तो वाकलेल्या माणसाच्या तोंडावर. आवळलेल्या टायरमध्ये बीड ज्या कोनात रिमला चिकटायला हवे त्या कोनात चिकटत नाही, हा धोका तर पुढे रस्त्यावर, हवा थोडी कमी झालेल्या दिवशी उघड होतो. गोल्ड विंगची मागची रिम पाच इंची असते, आणि १९५/५५ आर १६ साठी किमान साडेपाच इंच लागतात, म्हणजे ज्या उदाहरणावरून ही सगळी हौस निघाली तिथेही माप तंतोतंत जुळत नाही.

हे सगळे सांगूनही भाच्याच्या चेहऱ्यावर "पण लोक तर चालवतात" असा भाव होता, आणि तो रास्त होता. चेन घासली नसती आणि बीड नीट बसले असते, तर? तेव्हा मी गॅरेजमधलाच स्टीलचा एक निमुळता पेला घेतला, फरशीवर आडवा ठेवला आणि ढकलला. तो सरळ न जाता गोल वळला. कललेला मोटारसायकलचा टायर नेमके हेच करतो. त्याचा माथा गोल असल्यामुळे गाडी कलली की रस्त्याला टेकणारा भाग माथ्यावरून हळूहळू बाजूला सरकतो. तिथे टायरची आतली बाजू लहान वर्तुळावर फिरते, बाहेरची मोठ्या वर्तुळावर, आणि चाक पेल्यासारखे स्वतःहून वळू पाहते. वळणासाठी लागणारी बरीचशी ओढ या कलण्यातूनच मिळते. चारचाकी कलत नाही, ती चाक फिरवून वळते. म्हणून तिच्या टायरचा माथा सपाट, कडा जवळजवळ काटकोनात आणि बाजूची भिंत आडव्या जोरासाठी केलेली असते. तिच्यासाठी तो टायर उत्तम आहे.

आता हा सपाट माथा कलवायचा. सरळ उभ्या गाडीला तो टेबलासारखा धरून ठेवतो, आणि पहिले काही अंश कलण्यासाठी त्याच्या आतल्या कडेवर सगळे वजन उचलावे लागते. डार्क साइडवाले स्वतःच कबूल करतात की वळणभर हँडलवर जोर धरून ठेवावा लागतो. जोर सोडला की गाडी आपोआप उभी होते. पुढचा टायर मात्र अजून गोलच असतो. तो वळायला तयार असतो, मागचा सरळ जायला पाहतो, आणि स्वार मधे भांडण सोडवत बसतो. याला जोडून आणखी एक गोष्ट आहे. रस्त्याला टेकणारा भाग वळणाच्या आतल्या बाजूला जितका अधिक सरकतो, तितकी गाडी त्याच वेगाला अधिक कलवावी लागते. तीस मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना कल सुमारे २३ अंश लागतो, आणि ताशी ५० ला तो ३३ अंशांवर जातो. हे आकडे टायरला रुंदीच नाही असे धरून काढलेले आहेत. रुंद टायरला खरा कल याहून अधिक लागतो, आणि अव्हेंजरसारख्या बुटक्या गाडीचे पायदान आधीच जमिनीजवळ असते. दहा किलोमीटरच्या वेगवाढीने कल दहा अंशांनी वाढतो, हे फळ्यावर शिकवताना मुलांना मी अनेक वर्षे सांगत आलो, पण त्याचा खरा अर्थ मला फळ्यावर कळला नव्हता.

तो कळला अनमोडच्या घाटात. पणजीच्या फेऱ्यांच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट. बाणस्तारीचा पूल, ओल्ड गोवा आणि मग रायबंदरचा पाटो, म्हणजे पाण्यालगतचा जुना बांधरस्ता, असा माझा रोजचा रस्ता होता. पोर्तुगीजांनी १६३३-३४ मध्ये बांधलेला हा पाटो जवळजवळ तीन किलोमीटर नाकासमोर जातो, आणि त्यावरून रोज दोनदा जाणाऱ्या गाडीचा टायर फक्त मधोमध झिजतो. माझाही तसाच झिजला. बाजूची नक्षी नव्यासारखी, मध्ये चार बोटे रुंद सपाट पट्टा, आणि त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना हाताला लागेल अशी धार. टायर अजून चालेल, असे समजून मी बेळगावला एका लग्नाला निघालो. उसगाव, मोलेपर्यंत काहीच जाणवले नाही. घाटाच्या पहिल्या मोठ्या वळणावर मी गाडी कलवली, तर ती कललीच नाही. कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी ती सरळ दरीच्या कठड्याकडे निघाली. मी हँडल आणखी ढकलले, आणि मग ती धारेवरून एकदम पलीकडे घसरली, मला हवी होती त्याहून कितीतरी जास्त. समोरून ट्रक येत नव्हता, एवढेच माझे नशीब. त्यानंतरचा सगळा घाट मी ताशी वीस-पंचवीसने चढलो आणि लग्नाचा मुहूर्त चुकवला. घरच्यांना कारण सांगितले ते गाडी गरम झाल्याचे.

गाडीचा टायर मागे बसवलेली मोटारसायकल मी कधी चालवलेली नाही. पण झिजून सपाट झालेला दुचाकीचा टायर हा त्याचाच धाकटा भाऊ असतो. रायबंदरच्या पाट्यावर मी नकळत वर्षभर तोच प्रकार तयार करत होतो आणि अनमोडला त्याची चव घेतली. डार्क साइडवाले म्हणतात की सवयीने जमते, आणि ते खोटे बोलतात असे मला वाटत नाही. अमेरिकेतल्या सरळ, रुंद महामार्गावर जमतही असेल. आपल्याकडे फोंड्याहून कुठेही निघा, पंधरा मिनिटांत वळण, उतार आणि डांबराची तुटलेली कड यांपैकी एक तरी समोर येते. सपाट टायर अशा कडेवर एका बाजूने चढला की हँडल हातातून खेचतो. केबलसाठी खणून बुजवलेल्या लांब चरीवर तो चरीच्या दिशेने धावतो.

पावसाबद्दल भाच्याने जोरदार वाद घातला. गाडीच्या टायरला नक्षी खोल, चऱ्या रुंद, शिवाय जमिनीला टेकणारा भाग मोठा, मग ओल्या रस्त्यावर तो अधिक पकडणार नाही का? सरळ रस्त्यावर ओल्यात मागचा ब्रेक दाबताना पकड वाढल्याचा अनुभव अनेक जण सांगतात. पण ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढच्या चाकावर जाते आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा टायरच करतो. मागे कितीही पकड वाढवली, तरी पुढची तेवढीच राहते. दुसरे असे की साचलेल्या पाण्यातून अरुंद आणि गोल टायर नावेच्या नाळेसारखा पाणी कापत जातो, तर रुंद आणि सपाट टायरला ते पाणी समोरून ढकलत न्यावे लागते, आणि वेग वाढल्यावर तो पाण्यावर तरंगण्याची शक्यता वाढते. जुलैमध्ये बोरीच्या उतारावर रस्त्यावरून पाट वाहताना ज्याने पाहिले आहेत, त्याला यापुढे समजावण्याची गरज नाही. भाच्याने ते पाहिले आहेत.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण त्यात फारसे गूढ नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि टायरचे माप व त्याची ताकद यांसाठी १९८९ च्या केंद्रीय नियमांत स्वतंत्र नियम आहे. भारतीय मानक ब्यूरोची दुचाकी-तीनचाकीच्या टायरांसाठी आणि प्रवासी गाड्यांच्या टायरांसाठी दोन वेगवेगळी मानके आहेत. अपघात झालाच, तर विमा कंपनीचा माणूस पहिल्यांदा मागच्या चाकाकडे बोट दाखवील, हे सांगायला वकील लागत नाही.

सपाट माथ्याचा टायर दुचाकीला कधीच शोभत नाही, असे मात्र नाही. साइडकार जोडलेली मोटारसायकल कलत नाही, ती तीन चाकांवर उभी राहूनच वळते, आणि तिथे गोल माथ्याचा काही उपयोग नसतो. साइडकारवाले सपाट टायर वापरतात ते समजून-उमजून. मेस्तांनी यावर एक मार्मिक शेरा मारला: "मागीर बाजूक एक साइडकार लाय आनी खंयचोय टायर घाल." म्हणजे, मग बाजूला एक साइडकार लाव आणि कुठलाही टायर घाल. भाचा हसला, आणि मला वाटते वाद तिथेच संपला.

पैशाचा प्रश्न उरला, आणि तो मी टाळू शकत नव्हतो, कारण सगळे तिथूनच सुरू झाले होते. टायर तीन हजारांचा आणि तो पंधरा हजार किलोमीटर चालतो असे धरले, तर किलोमीटरला वीस पैसे पडतात. त्याच किलोमीटरला त्याची गाडी सव्वादोन ते अडीच रुपयांचे पेट्रोल पिते. गाडीचा टायर फुकट मिळून दुप्पट चालला, तरी वाचणार होते ते हेच वीस पैसे. हवा दर पंधरवड्याला तपासली, चेन ताणून नीट ठेवली आणि सिग्नल सुटताच मागचे चाक घासत निघण्याची हौस सोडली, तर त्यातले थोडे पैसे आहे त्याच टायरमधून परत मिळतात. गोव्यातले मोटारसायकल पायलट हे आपल्यापेक्षा अधिक जाणतात. दिवसभर माणसे मागे बसवून वाहणाऱ्या त्या पिवळ्या मडगार्डच्या गाड्यांना मी आजवर कधीही चारचाकीचा टायर पाहिलेला नाही, आणि एका-एका किलोमीटरचा हिशेब त्यांच्याइतका कोणी ठेवत नसेल. अलीकडे दुचाकीचे काही टायर मधोमध टणक आणि बाजूंना मऊ रबराचे येतात, सरळ रस्त्याची झीज आणि वळणाची पकड या दोन्हींसाठी. पण ते बहुतेक मोठ्या गाड्यांच्या मापांत मिळतात, आमच्या मापात त्या दिवशी मेस्तांकडे नव्हता.

शेवटी १३०/९०-१५ हाच टायर आला. मेस्तांनी जुना काढून तो चढवला, बीडला साबणाचे पाणी लावले, आणि बेताच्या हवेतच तो दोनदा "टक्" वाजून जागेवर बसला. नव्या टायरवरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत शंभरेक किलोमीटर सावकाश जा, असे मी सांगितले, आणि भाच्याने "हो मामा" म्हणून ते ऐकले नसावे. खोलीमापक घेऊन आम्ही मधल्या चरीची आणि बाजूच्या चरीची खोली मोजली, किलोमीटरच्या आकड्यासह ती गाडीच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर लिहिली, आणि पुढचे माप चवथीनंतर घ्यायचे ठरवले. मित्राचा तो टायर अजून माझ्या मांडवाच्या खांबाला टेकून आहे. परत कधी नेणार, असे मी दर रविवारी विचारतो.